पडदा पाड्यावर नेणारी माणसं

दोन वर्षांपूर्वी, भातकापणी संपत आली होती तेव्हा, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी माझ्या दुकानात आली. अंगणवाडीत काम करते. पिशवीतून तिने एक व्हीएचएस कॅसेट काढली आणि म्हणाली, "काका, माझ्या आईच्या लग्नाचं शूटिंग तुम्हीच केलं होतं ना? यात माझी आजी गाताना आहे म्हणतात. मला तिचा आवाज ऐकायचाय."

तिची आजी धवलेरी होती. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्या चौकात पालघट देवी बसते आणि लग्न लावायला धवलेरी असते. लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. ही आजी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती.

कॅसेट माळ्यावर राहिलेली होती. डहाणू-तलासरीची हवा दमट, त्यामुळे फितीवर पांढरी बुरशी धरली होती. दोन दिवस खपून फीत पुसली, जुना डेक दुरुस्त केला आणि कॅसेट लावली. चित्र आलं. चौकासमोर बसलेली आजी दिसली, तिचे ओठ हलताना दिसले. आवाज मात्र त्या वर्षी गाजलेल्या एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचा होता.

ते गाणं मीच टाकलं होतं. त्या काळी लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करताना मूळ आवाज काढून सिनेमाची गाणी भरायची पद्धत होती. गिऱ्हाइकांना ते आवडायचं, आणि त्याचे पैसे वेगळे मिळायचे. मूळ आवाजाची मास्टर कॅसेट माझ्याकडे असायला हवी होती. पण कोऱ्या कॅसेटचे पैसे वाचावेत म्हणून महिन्याभरात तिच्यावरच मी दुसरं लग्न काढलं होतं. म्हातारीचं गाणं पुन्हा कोण ऐकणार आहे, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं, पुढचं वाचन ग्रंथालयात आणि रद्दीच्या दुकानात झालं. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. एखादं चित्र कोण बघणार, हे कोण ठरवतं? मोठ्या पडद्यावर ज्यांना जागा मिळाली नाही अशा चित्रपटांना आजवर प्रेक्षक मिळाले, ते कोणामुळे मिळाले? त्या शोधातून हाती आलेलं इथे मांडतो आहे.

सुरतेकडचा तंबू

मुंबई-सुरत लोहमार्ग आमच्या डहाणूवरून जातो. फिरत्या सिनेमाचे एक आद्य प्रवर्तक अब्दुलअली युसुफअली हे या मार्गावरच्या सुरतेचे. जन्म १८८४ चा. १९०१ पासून ते सिनेमाचा तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा या भागांत फिरले, आणि १९०८ पासून पुढे काही वर्षं भारतात. त्यांचा तंबू शंभर फूट लांब आणि पन्नास फूट रुंद होता. त्यात हजारेक माणसं बसत. पुढे ते आर्देशीर इराणी यांचे भागीदार झाले. ज्या मॅजेस्टिक थिएटरात १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला बोलपट लागला, ते या दोघांचं. म्हणजे बोलपटाच्या दारात उभा असलेला हा माणूस आधी दहा-बारा वर्षं गावोगाव खुंट्या ठोकत हिंडलेला होता.

दुसरी गोष्ट दादासाहेब फाळक्यांची. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला हे आपण शाळेत शिकतो. त्याच चित्रपटाचं सुरतेत काय झालं, हे शाळेत सांगत नाहीत. चित्रपटाच्या इतिहासकारांनी ते नोंदवून ठेवलं आहे. तिथे पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये जमला. लोकांना तेवढ्याच पैशात तासन् तास चालणारं नाटक बघायची सवय होती, हा खेळ तर लगेच संपायचा. मग फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे, अशी. गल्ला कित्येक पटींनी वाढला. चित्रपटात एक चौकटही बदलली नव्हती. समोरचा माणूस पैशाच्या बदल्यात काय मोजतो हे ओळखून फाळके त्याच्या हिशेबात बोलले.

मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट समजावून सांगणारा माणूसही अनेक ठिकाणी असे. जपानात त्याला बेन्शी म्हणत, आणि काही बेन्शी तर नटांइतके प्रसिद्ध होते. हा सांगणारा माणूस पुढे पुन्हा लागणार आहे, म्हणून त्याची आठवण इथे करून ठेवतो.

यात्रेतला पडदा

मी पहिला सिनेमा महालक्ष्मीच्या यात्रेत पाहिला. डहाणू तालुक्यात विवळवेढ्याची ही यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. वडील चिकूच्या वाडीत कामाला होते. त्यांच्या खांद्यावर बसून मी तंबूत शिरलो. पडदा मधोमध आणि माणसं दोन्ही बाजूंना. मागच्या बाजूला बसणाऱ्याला नावं उलटी दिसायची. आमच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती, त्यामुळे सुलटी आणि उलटी सारखीच. बाजूला बसलेला एक काका हिंदीतले संवाद वारलीत सांगत होता. त्याला कोणी गप्प बसवत नव्हतं. उलट तो पाणी प्यायला उठला की लोक खोळंबायचे.

महाराष्ट्रातल्या यात्रांमधून असे तंबू अनेक दशकं फिरले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी त्यांच्या अखेरच्या काळावर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. रिळांची जागा डिजिटल यंत्रानं घेतली तेव्हा या माणसांचं काय झालं, ते त्यात दिसतं.

तंबूत लागायचे ते मुख्यतः गाजलेले चित्रपट. आमच्यासारख्यांची गोष्ट त्यांत नसायची. आदिवासी माणूस केंद्रस्थानी ठेवणारे चित्रपट त्या सुमाराला निघत होते. जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' १९७७ चा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा आणि ठाकर समाजातल्या माणसांचा. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' १९८० चा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यातला लहान्या भिकू अन्यायापुढे तोंडच उघडत नाही. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ते मी पाहिले तेव्हा तिशी ओलांडली होती, आणि तेही व्हीसीडीवर. आमच्या ज्या तालुक्यांत १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, त्या तालुक्यांत 'आक्रोश' पाड्यावर दाखवायला कोणी आणला असता, तर खेळ संपल्यावर म्हातारी माणसं काय बोलली असती? झरीच्या सभेला गेलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांच्या बोलण्याची नोंद आज आपल्याकडे असती.

ज्यांनी वाट काढली

आमच्या शेजारच्याच गुजरातमध्ये या प्रश्नाला एक उत्तर मिळालं होतं. श्याम बेनेगलांचा 'मंथन' १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि चित्रपट उभा राहिला. तो लागला तेव्हा हे शेतकरी ट्रक भरभरून आपला चित्रपट बघायला आले. पुढे त्याच्या प्रती गावोगाव नेऊन दाखवल्या गेल्या, सहकारी संस्था म्हणजे काय ते समजावण्यासाठी. पन्नास वर्षं होत आली तरी तो जिवंत आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची प्रत नव्याने सिद्ध केली आणि २०२४ मध्ये ती कानला दाखवली गेली. या चित्रपटाला प्रेक्षक शोधावा लागला नाही. दूध संकलन केंद्रावर रोज दोनदा रांगेत उभं राहणारी माणसंच त्याचा प्रेक्षक होती, आणि त्यांना बोलावणारी संस्था आधीपासून उभी होती.

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या मित्रांनी १९८४ साली 'ओडेसा' नावाचा गट काढला. ही मंडळी गावोगाव फिरून चॅप्लिनचा 'द किड' दाखवत आणि प्रेक्षकांसमोर झोळी धरत. त्या वर्गणीतून १९८६ साली 'अम्मा अरियान' तयार झाला. इथे प्रेक्षक आधी जमला आणि चित्रपट नंतर आला.

आपल्याकडचं उदाहरण आनंद पटवर्धनांचं. रमाबाई नगरात १९९७ साली झालेल्या गोळीबारापासून सुरू होणारा आणि शाहीर विलास घोगरे यांची आठवण जागवणारा 'जय भीम कॉम्रेड' करायला त्यांना चौदा वर्षं लागली. जानेवारी २०१२ मध्ये तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत लोकांसमोर उघड्यावर दाखवला गेला, आणि त्यानंतर वस्त्या-वस्त्यांत फिरला. ज्यांची गाणी चित्रपटात होती, ती माणसं समोर बसलेली होती.

या तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. चित्रपट आणि प्रेक्षक यांच्या मध्ये एक ओळखीचा माणूस किंवा ओळखीची संस्था उभी होती. लोक आले ते आधी त्या माणसाच्या शब्दावर.

उंबरगावचे दिवे

तलासरी-डहाणूला लागून सीमेपलीकडे उंबरगाव आहे. तिथल्या स्टुडिओत रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेचं चित्रीकरण झालं. २५ जानेवारी १९८७ ला मालिका सुरू झाली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आम्ही चार मित्र घोलवडहून सायकली मारत गेलो, बाहेरून दिवे पाहिले आणि परत आलो. रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओटीवर अख्खा पाडा. सगळ्या देशाने पाहिलेली अयोध्या आमच्यापासून सायकलच्या अंतरावर उभी राहत होती.

मला कॅमेऱ्याचं वेड लागलं ते तिथे. पण एक गोष्ट कळायला फार वर्षं लागली. कॅमेरा जवळ येणं वेगळं आणि त्याने आपल्याकडे वळणं वेगळं.

आमच्याकडे कॅमेरा वळला तो लग्नाच्या शूटिंगमुळे. १९९२ साली मी सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि पाड्यापाड्यांवर जाऊ लागलो. मला आता वाटतं की आमच्या तालुक्यांचा सर्वांत लांबीचा चित्रपट या कॅसेटींतच आहे. चौक लिहिणाऱ्या बायका, तारपा, घरांची कुडं, आता बुजलेल्या विहिरी, तेव्हाची झाडं. त्याला चित्रपट म्हणावं हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही.

मालेगावात मात्र कोणाच्या तरी मनात आलं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. नट गावातलेच, आणि बघणारेही गावातले, यंत्रमागावर राबणारे. पार्लर स्वतःचं असल्यामुळे चित्रपट कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने हे गाव जगाला दाखवलं. त्यानंतर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठ्या निर्मितीचा चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरांत लागला आणि मग डिजिटल मंचावर आला. आनंदाची गोष्ट आहे. तरी पाहा, जगभर पोचली ती मालेगावच्या सिनेमाची गोष्ट. मालेगावचा मूळ सिनेमा आपल्या गावच्याच माणसांसाठी होता, आणि त्यांना तो वीस वर्षांपूर्वीच मिळाला होता.

मोबाइलवरचा पडदा

२०१६ साली तीन गोष्टी घडल्या. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओचं स्वस्त इंटरनेट आलं आणि डिसेंबरात प्राइम व्हिडिओ. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, उत्पादन थांबवलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीने एक युग त्या वर्षी संपलं.

नव्या युगाने वेगळ्या वाटेच्या मराठी चित्रपटाला काहीच दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर एकाच दिवशी किती तरी देशांत पोचला. थिएटरात मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळावा म्हणून २०१५ साली केवढा वाद झाला होता, ते आठवा. आणि तो नियम लागू होणार तो थिएटरला. ज्या पाड्याच्या आसपास थिएटरच नाही, त्याला त्या नियमाचा उपयोग काय? मोबाइल मात्र पाड्यावर आहे.

अडचण वेगळीच आहे. मंचावर चित्रपट असतो, पण तो सुचवणारं यंत्र आपण आधी पाहिलेल्यासारखंच पुढे करतं. ज्याने 'स्थळ' हे नाव ऐकलेलं नाही, तो ते शोधणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला जयंत सोमलकरांचा हा चित्रपट २०२३ मध्ये टोरांटोत पुरस्कार घेऊन आला आणि मार्च २०२५ मध्ये थिएटरांत लागला. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्सचा मोठा पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो इथे लागला. ही नावं मी दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना विचारली. एकाने एक ऐकलं होतं.

दुसरी अडचण भाषेची. खाली अक्षरं देऊन वाचता न येणाऱ्याची सोय होत नाही. आणि मंचांच्या भाषांच्या यादीत वारलीत ऐकायची सोय मला कुठे दिसली नाही.

तिसरी अडचण फारसं कोणी बोलत नाही अशी. तंबूवाला रीळ भाड्याने आणायचा आणि गावाला दाखवायचा. डिजिटल मंचाचं सदस्यत्व मात्र घरगुती वापरापुरतं असतं. पैसे भरून घेतलेला चित्रपट चादरीवर लावून पाड्याला दाखवायची मुभा त्यात नाही. सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, आणि १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटाला प्रमाणपत्र लागतं. नियम समजण्यासारखे आहेत. पण पूर्वी एका रिळापुढे हजार माणसं बसायची, आज एका मोबाइलपुढे एकच जण बसतो, आणि मधला सांगणारा काका कुठेच नाही.

आम्ही काय करतो

गेली दोन वर्षं आम्ही चार-पाच जण पाड्यांवर चित्रपट दाखवतो. संस्था नाही, नाव नाही. एक साधा प्रोजेक्टर, चादर, बॅटरीवरचा इन्व्हर्टर. एवढ्यातून जे शिकलो ते असं.

पहिलं, परवानगी मागावी. छोट्या चित्रपटांचे दिग्दर्शक पत्राला उत्तर देतात. आपला चित्रपट कुठे, किती जणांसमोर दाखवणार हे स्पष्ट लिहिलं, तर बरेच जण आनंदाने होकार देतात. खेळानंतर लोक काय बोलले ते लिहून पाठवावं. त्यांना ते पुरस्कारापेक्षा कमी वाटत नाही.

दुसरं, वेळ ओळखावी. दिवाळीनंतर भात घरात आलं की आमच्याकडची कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. कापणी आणि निघणं यांच्यामधले थोडे दिवस, आणि मग होळीला माणसं घरी येतात ते दिवस. आमच्या पाड्याचा शुक्रवार वर्षातून दोनदाच येतो.

तिसरं, सांगणारा हवा. आम्ही चित्रपट मध्ये मध्ये थांबवतो आणि आमच्यातला एक जण वारलीत सांगतो. शहरातल्या रसिकाला हे रुचणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी बेन्शी हेच करत होते, आणि यात्रेतला तो काकाही.

चौथं, आधी लोकांचं स्वतःचं दाखवावं. हे मात्र मला त्या मुलीमुळे कळलं.

तिची कॅसेट वाया गेल्यावर मी माळ्यावरचा सगळा ढीग खाली काढला. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही. रोज रात्री एक, असं चार महिने चाललं. बहुतेक कॅसेटींवर सिनेमाची गाणी. शिवाय अशी कॅसेट यूट्यूबवर टाकावी तर गाण्याच्या हक्कामुळे अडकते. म्हणजे ज्या गाण्याने आजीचा आवाज खाल्ला, तेच गाणं तिचं चित्रही बाहेर जाऊ देत नाही.

पण अकरा कॅसेटींवर मूळ आवाज होता. त्या घरांना मिक्सिंगचे पैसे परवडले नव्हते. तेव्हा मी त्यांना नुसती साधी प्रत दिली होती, आणि देताना थोडं वाईटही वाटलं होतं. त्या अकरांपैकी एक दुसऱ्याच पाड्यावरचं लग्न होतं, आणि लग्न लावायला धवलेरी म्हणून तीच आजी आली होती. बावीस मिनिटं सलग गाते आहे. मागे कोंबडा ओरडतो, कोणी तरी पोराला दटावतं, माझा स्वतःचा तरुण आवाज "बाय, जरा इकडे बघ" म्हणतो, आणि ती बघत नाही, गात राहते.

गेल्या होळीला त्या घरच्यांना विचारून ती बावीस मिनिटं आम्ही मुलीच्या पाड्यावर लावली. दीडशेक माणसं होती. सांगणाऱ्याची गरज पडली नाही. लोकच बोलत होते. हा कोण, ती कोणाची, हे घर कुठे होतं. एका जागी कॅसेट बदलताना गाणं तुटलेलं आहे. तिथे चित्र थांबलं तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हातारीने तुटलेला भाग म्हणायला सुरुवात केली. मुलीने तो मोबाइलवर घेतला. आता त्या म्हातारीकडे ती दर रविवारी जाते.

माझ्याकडे अजून साठ-सत्तर कॅसेटी उरल्या आहेत आणि डेक एकच चालतो आहे. या भागात ज्यांनी ज्यांनी त्या काळात शूटिंग केलं, त्यांच्याही माळ्यांवर असे ढीग असणार. वाचकांपैकी कोणाच्या घरी असतील तर एवढंच करावं. यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत त्या फेकू नयेत. कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्यात आणि वर लग्नाचं साल आणि पाड्याचं नाव लिहावं. कोण बघणार, ते आपण आत्ता ठरवू नये.